धाकट्याची शाळा आणि थोरली बहीण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलाचे शाळेतील पहिले वर्ष आणि आपले घर ह्या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा मला प्रथम थोडा संकोच वाटला. मी काही शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत नोकरी केली आणि तीतील बहुतेक काळ पहिलीचा वर्ग सांभाळला, एवढाच काय तो माझा अधिकार. परंतु छत्तीस वेळा जून महिन्याच्या अखेरीस शाळेच्या दारात उभे राहून रडणारी मुले आणि त्यांच्याहून अधिक गोंधळलेले पालक मी पाहिले आहेत. त्या अनुभवातून एक गोष्ट मनाशी ठाम झाली आहे. ती आज आपल्यापुढे ठेवतो, आणि ती ठेवताना स्वतःच्या घरचा एक जुना दोषही कबूल करतो.

माझा जन्म ब्रह्मपुरी तहसिलीतील एका लहान गावी झाला. १९५६ च्या पावसाळ्यात माझे नाव शाळेत घातले, तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि शाळा जनपद सभेची होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे पहिलीच्या वर्गात बसलो तो एका राज्यात, दुसरीत गेलो तो दुसऱ्या राज्यात आणि पाचवीत तिसऱ्या. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली आणि १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, फलक बदलले. परंतु मुलाला शाळेत घातल्यावर घरात जे घडते, ते मात्र फारसे बदललेले नाही.

काय घडते ते पाहा. आपल्या विदर्भात उन्हाळा कडक, म्हणून शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिराने, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. नेमक्या त्याच सुमारास पाऊस पडतो, धानाचे पऱ्हे टाकले जातात, आणि मुलाला शाळेची जरा सवय होते न होते तोच रोवणी येऊन ठेपते. आई पहाटे भाकरी थापून बांधीत जाते, ती दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेली असते. बाप नांगर किंवा आजकाल ट्रॅक्टर घेऊन चिखलणीला असतो. सहा वर्षांच्या मुलाला शाळेत कोण पोचवणार? दुपारी घरी कोण घेणार? आणि त्याच्या मागचे दीड-दोन वर्षांचे मूल कोणाच्या कडेवर राहणार? शहरात ह्या प्रश्नांना निरनिराळी उत्तरे असतील. आपल्या झाडीपट्टीतील शेतकरी-शेतमजूर घराने पिढ्यान्‌पिढ्या ह्याला एकच उत्तर दिले आहे. ते उत्तर म्हणजे घरातील थोरली मुलगी.

आमच्या घरी ते उत्तर म्हणजे माझी थोरली बहीण होती. आपल्याकडील रीतीप्रमाणे आम्ही तिला बाई म्हणत असू. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी जन्मलो तेव्हा तिचे शाळेत जाण्याचे वय नुकतेच झाले होते. परंतु मायला रोवणीला जावे लागे, म्हणून मला तिच्या कडेवर दिले, आणि तिची शाळा पुढच्या वर्षावर गेली. पुढच्या वर्षी मी चालू लागलो, तेव्हा पडू-झडू नये म्हणून ती घरी राहिली. त्यानंतर आणखी एक भाऊ झाला. मला शाळेत घातले त्या दिवशी बाई तेरा वर्षांची होती. धाकट्याला कडेवर घेऊन आणि माझा हात धरून तीच मला शाळेत घेऊन गेली. मी रडत होतो, म्हणून मास्तरांनी तिला पडवीत बसू दिले. पंधरा दिवस ती पडवीत बसली. सोळाव्या दिवशी माझे रडणे थांबले आणि ती परत गेली.

बंधूंनो, आता दोषाची गोष्ट सांगतो. आपली झाडीबोली गोड आहे. तिच्यात ‘ळ’ चा ‘र’ होतो, ‘ण’ चा ‘न’ होतो. आपण डोळ्याला ‘डोरा’ म्हणतो, पाण्याला ‘पानी’. मी बोलायला शिकलो तो बाईच्या तोंडून. शाळेत मी ‘डोरा’ म्हटले की वर्ग हसे; तेव्हा लाजून मी पुस्तकातला शब्द घोकला. वर्ष सरता सरता मी इतका शहाणा झालो की घरी येऊन बाईच्याच ‘डोरा’ला हसू लागलो. जिने बोलायला शिकवले, जिने शाळेच्या पायरीपर्यंत पोचवले, तिच्यापासून दूर जाण्याचा पहिला धडा मी शाळेत शिकलो, आणि त्याबद्दल घरात सर्वांना कौतुक वाटले! बाईही हसली. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

१९७२ मध्ये मी शिक्षक म्हणून रुजू झालो. त्या दिवाळीत बाई माहेरी आली होती. रात्री जेवणे आटोपल्यावर माझी पाटी समोर ठेवून ती म्हणाली, "माजा नाव कसा दिसते, लिहून दाखव गा." मी लिहिले. तिने बराच वेळ पाहिले, बोटाने एकदा गिरवले आणि पाटी परत दिली. ती काहीच म्हणाली नाही. परंतु दुसऱ्याच्या मुलांना मुळाक्षरे शिकवण्याचा पगार घेणाऱ्या मला त्या रात्री झोप आली नाही.

ही गोष्ट केवळ आमच्या घरची असती, तर ती मी ह्या व्यासपीठावर सांगितली नसती. शिक्षक म्हणून मी पुढे वर्षानुवर्षे पाहिले की, हजेरीपटावर जुलै-ऑगस्टमध्ये ज्या मुली गैरहजर दिसतात त्यांच्या घरी बहुधा एक लहान भावंड असते. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातही तेच. शिक्षक विचारतो, "का आली नाही?" मुलगी सांगते, "भावाला पाहत होते." ह्या उत्तरावर रागावता येत नाही, आणि ते मान्यही करता येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मूल शाळेत जाते तेव्हा ते एकटे जात नाही. त्याच्या शाळेची किंमत घरातील कोणीतरी मोजत असते. ती किंमत कोण मोजतो, हे घराने उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. धाकट्याच्या शिक्षणासाठी थोरलीचे शिक्षण खर्ची पडत असेल, तर घरात शिक्षण आले असे म्हणता येणार नाही. ते एका हातातून काढून दुसऱ्या हातात दिले, एवढेच.

कोणी म्हणेल, शिक्षण सक्तीचे झाले की हे आपोआप मिटेल. सक्तीचा इतिहास आपल्याकडे लहान नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, आणि त्यात मुलीही होत्या. करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. स्वतंत्र भारतात २००९ चा शिक्षणहक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला तो लागू झाला. हे सर्व अत्यंत मोलाचे आहे. परंतु कायदा मुलीला शाळेत बोलावू शकतो. तिच्या कडेवरचे मूल तो उतरवून घेऊ शकत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

ही गोष्ट ज्यांनी फार पूर्वी ओळखली, त्यांचे स्मरण येथे करणे उचित होईल. रोम शहरातील गरीब वस्तीत आईबाप दिवसभर कामावर जात आणि त्यांची लहान मुले मोकाट राहत. तेथे १९०७ मध्ये डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी पहिले बालगृह उघडले. आपल्याकडे गिजुभाई बधेका ह्यांच्यासह ताराबाई मोडक ह्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम आरंभले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच ह्या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला आहे. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिला त्यांनी विकासवाडी म्हटले. तेथे थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली तरी चाले. धाकटा पाळणाघरात राही आणि थोरली वर्गात बसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. "मूल शाळेत का येत नाही?" असा प्रश्न पालकांना विचारण्याऐवजी त्यांनी "शाळा मुलाकडे का जात नाही?" असा प्रश्न स्वतःला विचारला, ह्यातच त्यांचे मोठेपण आहे.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत अंगणवाडी आहे. तेथील सेविका भगिनी अल्प मानधनावर जे काम करतात, त्यास तोड नाही. परंतु अंगणवाडी काही तासांत सुटते आणि रोवणी दिवेलागणीपर्यंत चालते. मधले तास पुन्हा थोरलीच्या वाट्याला येतात.

आपल्याच जिल्ह्यांच्या दक्षिणेकडे पाहिले तर ही किंमत आणखी निराळ्या रूपाने दिसते. एटापल्ली, भामरागड ह्या भागांत गावे लहान आणि विखुरलेली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. तेथील अनेक माडिया-गोंड बालकांना शिकायचे तर आश्रमशाळेत राहावे लागते. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि तीन वर्षांनी तेथे शाळा निघाली. त्या शाळेत शिकलेली मुले पुढे डॉक्टर, शिक्षक, वकील झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही सहा वर्षांचे मूल आईपासून दूर झोपते आणि घरच्या भाषेऐवजी परकी भाषा ऐकते, तेव्हा त्या घराने काय दिले असेल, ह्याचा विचार आपण करावा. म्हणूनच धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली, ह्या घटनेकडे मी आदराने पाहतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही आरंभीचे शिक्षण शक्य तेथे मातृभाषेतून व्हावे असे म्हटले आहे. ज्याला ‘डोरा’ म्हटल्यावर हसले गेले, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही.

आता उपदेश पुरे. आपल्या मंडळाने काय करावे, ह्याविषयी तीन सूचना करून मी थांबतो.

पहिली सूचना घरासाठी. मुलाच्या शाळेचे पहिले पंधरा दिवस बापाने मुलाला स्वतः शाळेत न्यावे. शेतीचे काम मोठे आहे हे मला ठाऊक आहे. परंतु सकाळचा अर्धा तास निघतो. ज्या भागात आज वाघाच्या भीतीने मुले एकटी जाऊ शकत नाहीत, तेथे हा भार लहान बहिणीवर टाकणे तर अक्षम्य होय. आणि मूल घरी येऊन नवा शब्द बोलले, तर कौतुक अवश्य करावे. पण घरच्या शब्दाला हसू देऊ नये. दोन्ही शब्द त्याचेच आहेत.

दुसरी सूचना मंडळासाठी. आपली समाजमंदिरे लग्नसराई आटोपली की दिवाळीपर्यंत बहुधा कुलूपबंद असतात. नेमका तोच रोवणीचा काळ. प्रत्येक गावी त्या सहा-आठ आठवड्यांत तेथे पाळणाघर चालवावे. ज्यांच्याने आता बांधीत वाकवत नाही अशा दोन-तीन वृद्ध माता, त्यांना मंडळाकडून योग्य मोबदला, चार पाळणे, दूध आणि स्वच्छ पाणी, एवढ्यावर काम भागेल. आणि तेथे येणाऱ्या मुलाला त्याची जात विचारू नये. संमेलन ज्ञातीचे असले तरी पाळणा गावाचा असावा.

तिसरी सूचना ह्या व्यासपीठासाठी. दरवर्षी आपण येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. माझाही झाला होता. नारळ व शाल घेऊन मी उतरलो तेव्हा सर्वांनी माझ्या वडिलांचे अभिनंदन केले. बाई त्या वेळी मांडवाच्या मागे, स्वयंपाकाच्या चुलीपाशी होती. ह्यापुढे सत्काराच्या यादीत नाव घालताना चिटणिसांनी घरी एक प्रश्न विचारावा: ह्या मुलाच्या शाळेसाठी घरातील कोणाची शाळा थांबली? थांबली असेल तर शिष्यवृत्तीचा पहिला हक्क तिचा. वय कितीही झालेले असो.

बाई आज हयात नाही. ती जाण्यापूर्वी काही वर्षे माझ्या नातीने तिला सही करायला शिकवले. बँकेच्या पुस्तकावर तिने अंगठ्याऐवजी नाव लिहिले, तेव्हा ती सत्तरी ओलांडून गेली होती. त्या सहीतील अक्षरे वाकडी आहेत, परंतु वाचता येतात. मी ते पुस्तक जपून ठेवले आहे. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळांना लिहायला शिकवले. तिला मात्र मी शिकवू शकलो नाही, ह्याची खंत माझ्याबरोबरच जाईल. आपल्यापैकी कोणाच्या घरी ती खंत उरू नये, एवढ्याचसाठी हे बोललो.