निरोपाचे चार शब्द

(महोत्सवाच्या दिवशीं पवित्र मिस्साबलिदानानंतर केलेलें भाषण)





आजचा दिवस आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा. अशा आनंदाच्या प्रसंगीं निरोपाची भाषा माझ्या तोंडून यावी, हें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु बिशपस्वामींची आज्ञा आली आहे, आणि पुढील महिन्यापासून मला दुसऱ्या धर्मग्रामाची सेवा पत्करावयाची आहे.

गेल्या आठवड्यांत एका आजीबाईंनीं मला विचारलें, "फादर, आमचें असें काय चुकलें, म्हणून तुम्ही आम्हांस सोडून जातां?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज सर्वांसमक्ष देण्याचा यत्न करितों.

आजी, तुमचें कांहीं चुकलें नाहीं. ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या धर्मसंहितेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य असावें असें ५२२ व्या कलमांत सांगितलें आहे. मेंढपाळ वारंवार बदलला तर मेंढरें त्याचा आवाज ओळखणार कशीं? पण त्याच संहितेनें आत्म्यांच्या कल्याणासाठीं त्याची बदली करण्याचा अधिकारही बिशपांना दिला आहे. याचा अर्थ एवढाच कीं, धर्मगुरूला स्थैर्य हवें, स्वामित्व नको. धर्मग्राम म्हणजे भाविकांचा समुदाय. धर्मगुरूच्या हातीं तो केवळ सोंपविलेला असतो. सोंपविलेली ठेव मागितली असतां परत करावयाची असते.

आपण ज्या पुणें धर्मप्रांताचे घटक आहों, त्याच्या इतिहासांत याचें एक मोठें उदाहरण आहे. येशूसंघाचे जर्मन धर्मगुरु हेन्री डोरिंग १९०७ सालीं पुण्याचे बिशप झाले. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें आणि सरकारच्या दृष्टीनें जर्मन धर्मगुरु शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांपैकीं बहुतेकांना स्थानबद्ध करून पुढें मायदेशीं धाडण्यांत आलें. ज्यांनीं शाळा व देवळें उभारलीं, त्यांस आपल्या माणसांचा धड निरोपही घेतां आला नसेल. पुढें १९२१ सालीं डोरिंगस्वामींची नेमणूक जपानांत हिरोशिमा येथें झाली. साठी उलटलेल्या त्या पुरुषानें नवा देश आणि नवे लोक आपले मानले. १९२७ सालीं त्यांना पुन्हा पुण्यास पाठविण्यांत आलें. मधल्या काळांत येथील श्रद्धा विझली नव्हती. दुसऱ्या धर्मगुरूंनीं हा कळप सांभाळला होता. देवाचें काम एका माणसावांचून अडत नाहीं, हें त्यांनीं परत येऊन डोळ्यांनीं पाहिलें.

अलीकडे २००९ सालीं बिशप थॉमस डाबरे वसईहून पुण्यास आले. वसईकरांच्या डोळ्यांत पाणी होतें, तेव्हां आपण मात्र स्वागताचे हार गुंफीत होतों! एका गांवचा निरोप हा दुसऱ्या गांवचा आनंद असतो. आतां देण्याची पाळी आपली आहे.

आणि पाटणच्या माणसांस निरोपाचा धडा मीं काय द्यावा? कोयनेच्या धरणासाठीं या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें उठलीं. घर, शेत, पूर्वजांची माती शिवसागराच्या पाण्याखालीं ठेवून माणसें दूरदेशीं वसलीं. त्यांस जावें लागलें; मी तर स्वखुषीनें दिलेल्या वचनाप्रमाणें, दोन ट्रंका व पुस्तकें घेऊन चाललों आहें. माझ्या जाण्याचें फार मोठें दुःख करूं नका.

माझें खरें दुःख निराळें आहे. आपल्यांतील दोन कुटुंबांचें वैर तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. एक घर वेदीच्या उजवीकडे बसतें, दुसरें डावीकडे. शांतिदर्शनाच्या वेळीं दोन्हीं घरें माना फिरवितात. येथें आल्यावर पहिल्याच वर्षीं मीं या गोष्टीवर वेदीवरून कठोर प्रवचन केलें. त्यांच्या उंबऱ्यावर मात्र गेलों नाहीं. आधीं घरीं जाऊन बसावयाचें आणि मग वेदीवर बोलावयाचें, एवढी अक्कल मला उशिरां आली. माझ्या शब्दांनीं जखम चिघळली. त्याबद्दल मी दोन्हीं घरांची आज क्षमा मागतों. गेल्या पंधरवड्यांत मी दोन्हींकडे जाऊन आलों. एका घरीं चहा मिळाला. दुसऱ्या घरीं दार अर्धेंच उघडलें. अर्धें उघडलें, हेंही थोडें नाहीं! उरलेलें दार उघडण्याचें काम नव्या धर्मगुरूंचें व तुम्हां सर्वांचें.

म्हणून माझी एक विनंति ऐका. नव्या धर्मगुरूंना माझ्या मापानें मोजूं नका. "आधींचे फादर असें करीत" हें वाक्य त्यांच्या कानीं घालूं नका. मला पत्रें लिहून त्यांचीं गाऱ्हाणीं सांगूं नका; तीं मी वाचणार नाहीं. माझ्यामुळें जे देवळांत येत होते, ते माझ्या मागें यावयाचे थांबले, तर माझी इतक्या वर्षांची मेहनत वायां गेली असें होईल. मिलेत येथें इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेतांना पौलानें त्यांस स्वतःच्या स्वाधीन ठेविलें नाहीं. देवाच्या स्वाधीन केलें. ते त्याच्या गळ्यांत पडून रडले, आणि मग त्यांनींच त्याला जहाजापर्यंत पोंचविलें. रडावें, पण पोंचवावेंही.

आज सायंकाळीं मी बाप्तिस्म्याचीं, विवाहांचीं व मृतांचीं पुस्तकें नीट लावून ठेवणार आहें. त्यांत माझ्या हातची अक्षरें येथें थांबतील आणि पुढच्या ओळीपासून दुसऱ्याचें हस्ताक्षर सुरू होईल. पुस्तक मात्र तेंच राहील.

कृष्णा व कोयना महाबळेश्वरीं एकत्र उगम पावतात. एक वाईकडे वळते, दुसरी आपल्या खोऱ्यांतून वाहते, आणि कऱ्हाडास प्रीतिसंगमावर दोघी पुन्हा भेटतात. आपलीही भेट प्रभूच्या घरीं निश्चित आहे. तोंवर माझ्यासाठीं प्रार्थना करा. मिस्साबलिदान अर्पितांना मी तुम्हांस विसरणार नाहीं.

सर्वसमर्थ देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.