चुकलेली घडी : डॉ. स्टॅन्ले प्रुसिनर यांची संशोधन-साधना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



घरातील वडीलधारी व्यक्ती नावे विसरू लागली की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हसतो. त्यामागे पुष्कळदा मेंदूचा खराखुरा आजार असतो. अशा आजारांच्या शोधात आयुष्य वेचणाऱ्या डॉ. स्टॅन्ले प्रुसिनर या अमेरिकन संशोधकाविषयी मी बोलणार आहे. मी कापडाचा व्यापारी; वैद्यकातला अधिकार मला नाही.

प्रुसिनर यांचा जन्म १९४२ चा. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते मज्जाविकारांचे प्रशिक्षण घेत असताना क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाची एक स्त्री त्यांच्याकडे आली. तिची स्मृती जात होती, नित्याची कामेही जमत नव्हती. कारण एखादा ‘मंद विषाणू’ असावा, अशी तेव्हाची समजूत. मेंढ्यांचा ‘स्क्रेपी’ हा रोग त्याच जातीचा. १९७४ मध्ये प्रयोगशाळा थाटून ते विषाणू शोधू लागले. हाती येत राहिले ते केवळ प्रथिन.

त्याला त्यांनी १९८२ मध्ये ‘प्रायॉन’ हे नाव दिले. जनुकद्रव्यावाचून रोग पसरतो, हे विधान अनेक शास्त्रज्ञांना पाखंड वाटले. तत्पूर्वीच एका संस्थेने त्यांचे अनुदान थांबविले होते. विद्यापीठानेही कायम नेमणूक आधी नाकारली, मग निर्णय फिरविला. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या आपणांसही विरोधी मत ऐकून घेणे किती जड जाते!

हे प्रथिन निरोगी मेंदूतही असते, असे १९८५ मध्ये आढळले. भेद फक्त घडीचा. सूत तेच, वजन तेच, घडी मात्र चुकलेली. परंतु दुकानातला विस्कटलेला तागा शेजारच्या ताग्याची घडी मोडीत नाही, प्रायॉन मोडतो. ज्या उंदरांत हे प्रथिन तयारच होत नव्हते, त्यांना रोगाची लागण करूनही रोग जडला नाही, हे १९९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी दाखविले.

या साऱ्या प्रयोगांत उंदीर व हॅमस्टर यांचे असंख्य जीव गेले. अहिंसाव्रती सभेत हे सांगताना माझी जीभ अडखळते. पण ते झाकून ठेवणे हाही असत्याचाच प्रकार ठरेल.

तिकडे ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये गाई लडखडून पडू लागल्या. तृणभक्षी गाईंना गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी खाद्यातून चारली जात होती. त्यातून रोग फैलावला. एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गुरांत तो आढळला. १९८८ मध्ये त्या खाद्यावर बंदी आली. १९९६ मध्ये माणसांतील नव्या रोगाशी त्याचा संबंध सरकारने मान्य केला. तेथे १७० हून अधिक माणसे या रोगाने दगावली. दूध वाढविण्याच्या हिशेबात गाईचा आहारच कोणी बदलावा, हे मला कोणत्याही व्यापारनीतीत बसत नाही.

१९९७ मध्ये प्रुसिनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २०१९ मध्ये, अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतील दोन प्रथिनेही प्रायॉनप्रमाणेच वागतात, असे त्यांच्या गटाने मांडले. ते सर्वमान्य झालेले नाही. मात्र स्पर्शाने वा सेवेने अल्झायमर जडत नाही; अशा रुग्णाला न्हाऊ-जेवू घालणाऱ्या लेकी-सुनांनी निर्धास्त असावे.

जय जिनेंद्र.