पावसाची नोंद आणि तापाची नोंद

(टाकवे बुद्रुक, तालुका मावळ येथे ग्रामस्थ व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पाऊस किती झाला, असे मावळात कोणी कोणास विचारले तर त्यामागे बहुधा भाताची चिंता असते. लावणी केव्हा उरकेल, ओढ्याला पाणी किती आले, इंद्रायणीच्या पुलावरून जाता येईल की नाही, एवढ्यासाठी पाऊस विचारला जातो. त्याच पावसाच्या आकड्यांवरून पुढे तापाची साथ बळावण्याचा संभव किती, हेही काही महिने अगोदर सांगता येऊ शकते, ही गोष्ट मात्र अद्याप फारशी कोणाच्या कानावर गेलेली नाही. पुण्यातील शास्त्रज्ञांनी केलेल्या एका अभ्यासाने ती पुढे आणली आहे. या अभ्यासाचा टाकवे बुद्रुकसारख्या गावाशी काय संबंध पोहोचतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मूळ कल्पना तशी जुनीच. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९०८ च्या अतिवृष्टीपाठोपाठ, पंजाबात हिवतापाची अशी भयंकर साथ उसळली की तीन-चार महिन्यांत तीन लाखांच्या आसपास माणसे दगावली. साथीची चौकशी करणाऱ्या ख्रिस्टोफर्स या डॉक्टरांनी मागील चाळीस वर्षांची मृत्यूची दप्तरे काढली आणि ती पावसाच्या व धान्याच्या भावांच्या नोंदींशी ताडून पाहिली. पाऊस अतोनात आणि धान्य महाग, असे ज्या वर्षी घडे त्या वर्षी साथ भडकत असे. या निष्कर्षाच्या आधारे १९२० नंतर पंजाबात गिल नावाच्या अधिकाऱ्याने साथीचा अंदाज दरवर्षी आगाऊ वर्तविण्याची पद्धत सुरू केली. त्या काळी संगणक नव्हता. होत्या त्या केवळ नीट राखलेल्या वह्या.

पुण्याला अशा वह्यांची वाण कधीच पडली नाही. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले तरी ‘सिमला ऑफिस’ हे नाव पुणेकरांच्या तोंडी कायम राहिले. १९५२ मध्ये विषाणू संशोधनाचे केंद्र, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, याच शहरात स्थापन झाले आणि १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्थाही येथेच निघाली. आकाशाचा हिशेब ठेवणारे आणि रोगाचा हिशेब ठेवणारे एकाच गावचे रहिवासी झाले. शेजार जुना असला तरी दोन्ही हिशेब एका मेजावर येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले व त्याचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुणे परिसरातील डेंग्यूच्या मृत्यूंची आरोग्य खात्याकडील नोंद घेऊन ती तापमान, पाऊस आणि हवेतील दमटपणा यांच्या नोंदींशी त्यांनी पडताळून पाहिली. सरासरी तापमान २७ अंश सेल्सिअसच्या वर, हवेतील आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम पण हंगामभर सारखा पसरलेला, असा योग जुळून आला म्हणजे डेंग्यूला अनुकूल काळ येतो, असे त्यांना आढळले. आठवड्याचा पाऊस १५० मिलिमीटरपर्यंत असेल तर धोका वाढतो. त्यापलीकडे गेला तर उलट घटतो, कारण मुसळधार पाण्यात डासाची अंडी आणि अळ्या वाहून जातात. हंगामात एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो कसा विभागून पडला, याला येथे अधिक महत्त्व आहे. शेतकरी ज्याला ‘बेताचा, वेळच्या वेळी पडणारा पाऊस’ म्हणून धन्यवाद देतो, तोच डासालाही मानवतो, हा निसर्गाचा काहीसा विचित्र न्याय म्हटला पाहिजे.

या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी संगणकावर एक गणिती आकृतिबंध बसविला. शास्त्रीय परिभाषेत त्याला मॉडेल म्हणतात. त्याचे स्वरूप गूढ नाही. मागील अनेक वर्षांचे हवामान आणि त्यानंतर झालेले मृत्यू संगणकास दाखवावयाचे, त्याने त्यांतील संबंध शोधावयाचा, आणि मग त्याला न दाखविलेल्या वर्षांचे हवामान देऊन त्याचे उत्तर प्रत्यक्षाशी जुळते की नाही, हे तपासावयाचे. अनुभवी वैद्य ऋतुमान पाहून रोगाचा अदमास घेतो, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की, यंत्राला विसर पडत नाही आणि त्याच्या चुकीचे मोजमाप करता येते. या पद्धतीने दोन महिन्यांहून अधिक काळ आधी इशारा देता येईल, असे संशोधकांचे म्हणणे आहे. अमुक घरातील अमुक माणूस आजारी पडेल, असे मात्र कोणतेही मॉडेल सांगत नाही. ते संभव सांगते.

भविष्याचे चित्रही त्यांनी काढले आहे व ते मनाला स्वस्थता देणारे नाही. काही उपाययोजना झाली नाही, तर पुणे परिसरातील डेंग्यूचे मृत्यू नजीकच्या काळात सुमारे १३ टक्क्यांनी, शतकाच्या मध्यास २३ ते ४० टक्क्यांनी आणि शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ३० ते ११२ टक्क्यांनी वाढू शकतात. शेवटच्या आकड्यांतील अंतर मोठे आहे. कोळसा आणि तेल जग यापुढे किती जाळणार, हे आज कोणासही निश्चित सांगता येत नसल्याने ते तसे पडले आहे.

आता मावळाकडे वळू. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पुणे शहरात जेमतेम सातशे-साडेसातशे. साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक! टाकवे बुद्रुक या दोहोंच्या मध्ये, आंदर मावळाच्या तोंडाशी वसलेले आहे. तेव्हा पुण्याच्या नोंदींवर बसविलेले आकडे येथे जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. आषाढ-श्रावणात येथे आठवड्याला १५० मिलिमीटर पाऊस ही नवलाईची बाब नाही आणि त्या दिवसांत हवाही गार असते. धोक्याचा काळ येथे पावसाच्या आरंभी आणि सरतीला असण्याचा संभव तर्काने अधिक दिसतो. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा येथील नोंदींतूनच निघेल.

शिवाय मुसळधार पाऊस अळ्या धुऊन नेतो, तो उघड्यावरच्या. डेंग्यूचा डास घरातला आहे. स्वच्छ, साठविलेले पाणी त्याला प्रिय. पडवीतील रांजण, न्हाणीतले पिंप, छपराखालचे टायर, कारखान्याच्या आवारात पालथे न घातलेले डबे, बांधकामावरील हौद, येथे पावसाचा लोंढा पोहोचत नाही. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. हा डास दिवसा चावतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

टाकव्याची वस्ती आता केवळ भातशेतीवर जगणारी राहिलेली नाही. येथे कारखाने आले, कामगारांनी भाड्याच्या खोल्या घेतल्या, कान्हे स्थानकावरून लोकलने पुण्याकडे जाणे-येणे नित्याचे झाले. पाण्याची वेळ ठरलेली असल्यास खोलीत दोन पिंपे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पुण्यात डास चावलेला माणूस तापाचे विष येथे घेऊन येतो आणि येथील डास ते पुढे पसरवितो. साथीला तालुक्याची शीव माहीत नाही.

अशा स्थितीत दोन महिन्यांची सूचना म्हणजे काय, ते आरोग्य कर्मचाऱ्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डेंग्यूवर खास असे औषध नाही. रुग्ण वाचतो तो वेळीच निदान, पुरेसे द्रवपदार्थ आणि सततची देखरेख यांमुळे. ताप उतरल्यावर घरच्यांना हायसे वाटते, नेमके त्याच वेळी काही रुग्णांची प्रकृती ढासळते. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे लागते. अंगदुखीवर ॲस्पिरिनसारखी गोळी परस्पर घेणे घातक ठरते. आगाऊ सूचना असेल तर तपासणीचे साहित्य, रुग्णालयातील खाटा, अळ्या शोधणारी पथके यांची तजवीज साथीपूर्वी होते. ती नसेल तर धूर फवारणीची गाडी पहिला मृत्यू झाल्यावर गावात शिरते.

हे सारे अवलंबून आहे ते नोंदीवर. हवामानाची बाजू आता पुष्कळशी भक्कम आहे. महावेध प्रकल्पाखाली राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. लंगडी आहे ती तापाची बाजू. खाजगी दवाखान्यात बरा झालेला रुग्ण सरकारी वहीत येत नाही. ताप केव्हा सुरू झाला याऐवजी तपासणीची तारीख लिहिली जाते. पत्ता मूळ गावाचा आणि आजार कामाच्या ठिकाणचा, अशीही गल्लत होते. मॉडेलच्या दृष्टीने जो ताप लिहिला गेला नाही, तो आलाच नाही.

म्हणून आशा स्वयंसेविकेने घरी येऊन ताप कोणत्या दिवशी आला असे विचारले, तर तो दिवस आठवून सांगावा. खाजगी डॉक्टरांनी संशयित रुग्णाची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावी. आठवड्यातील एक दिवस कोरडा पाळून रांजण व पिंपे रिकामी करून, कडा घासून, उन्हात वाळवावीत. केवळ पाणी ओतून दिल्याने कडेची अंडी जात नाहीत. जी भांडी रिकामी करणे शक्य नाही, त्यांना घट्ट झाकण अगर कापड बांधावे, मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावेत. कारखान्यांच्या आवारांची तपासणी वळवाचे पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा आणि भात कापणीच्या सुमारास पुन्हा एकदा करावी, कारण येथील हवामान पाहता हेच दोन काळ अधिक संशयाचे आहेत.