विहिरीतून स्पर्धेकडे



लोणी परिसरातील आपण अनेकजण पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. पण स्पर्धा म्हटली की म्हणतो, "आता या वयात? लोक हसतील."

सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले.

प्रौढांच्या मास्टर्स स्पर्धांत पंचविशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. पन्नाशीच्या माणसाची गाठ पोरांशी पडत नाही. पहिल्या वेळी पदक नको, आपली वेळ नोंदवून या. पुढे तीच मोडायची आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यंदा अर्ज आई-वडिलांचा भरा. तुम्ही काठावरून टाळ्या वाजवा.