पणजोबांची जात कोणत्या रकान्यात होती?

(युवा शिबिरातील भाषण)



दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला इंजिनिअरिंगला ओबीसीतून जागा मिळाली. आम्ही नदाफ, पिंजारी-नदाफ राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जात वैधता समितीला पुरावा हवा होता, तोही 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. अब्बांचा शाळेचा दाखला 1968 चा. जातीसमोर लिहिलेलं, ‘मुसलमान’. आपल्यात जात नसते असं आपण अभिमानानं सांगतो ना, ते गुरुजींनीही तसंच लिहून घेतलं होतं.

मग उरले दादा, म्हणजे माझे आजोबा. ते गावातल्या सरकारी शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते. मी शाळेत गेलो. “एवढं जुनं रेकॉर्ड नाही,” मुख्याध्यापक म्हणाले. तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो, तिथंही तेच. शेवटी दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. तुम्हीही देणार असाल तर एक लक्षात ठेवा. ‘दाखला द्या’ असं मागू नका. ‘1948 पूर्वीची सर्व जनरल रजिस्टरं प्रत्यक्ष पाहू द्या’ असं मागा. दाखला म्हणजे कारकुनाला जे वाचता आलं, त्याची नक्कल. मूळ पानावर त्याहून जास्त असतं.

रजिस्टर होतं. कपाटाच्या तळाशी, फडक्यात बांधलेलं. नाही म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला ते वाचताच येत नव्हतं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. शाळेचा कारभार उर्दूत. आणि खरं सांगायचं तर मलाही ते वाचता आलं नाही. माझं शिक्षण मराठीत, उर्दू फक्त ऐकून माहीत. तालुक्यातले एक निवृत्त उर्दू शिक्षक स्कूटरवर मागं बसून आले, तेव्हा पानं उलटायला लागली.

पहिला घोटाळा सालाचा. पानावर 1353. कारकून म्हणाला, “हे तर शिवाजी महाराजांच्याही आधीचं!” ते फसली साल होतं. हैदराबाद राज्याचं सरकारी वर्ष ऑक्टोबरात, आझूर महिन्यापासून सुरू व्हायचं. आझूर ते डिसेंबर असेल तर सालात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढचं असेल तर 591. दादांचा प्रवेश अमरदाद 1353 चा. अमरदाद म्हणजे साधारण जून. म्हणजे जून 1944.

दुसरा घोटाळा रकान्याचा. ‘मजहब’ या रकान्यात ‘इस्लाम’. आणि शेजारी ‘कौम’ नावाचा वेगळा रकाना. त्यात स्पष्ट ‘नद्दाफ’. मास्तरांनी त्यावर बोट ठेवलं आणि मी काही वेळ काहीच बोललो नाही.

आम्ही पूर्ण पानाची साक्षांकित प्रत घेतली आणि सोबत मराठी भाषांतर जोडलं. कुणीतरी सुचवलं होतं की अब्बांच्या नोंदीत ‘मुसलमान’च्या पुढं ‘नदाफ’ घुसडून घ्या, ओळखीचा माणूस आहे. असलं काही करू नका. दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतं. शाई वेगळी दिसली की खरा दावाही बुडतो.

पुतणीला वैधता मिळाली, मुदत संपायला चार दिवस असताना. कॉलेज सुरू आहे, गणितात एकदा नापासही झाली. ते तिचं ती बघेल.

पण त्या पानावर दादांच्या खाली-वर आणखी नावं होती. मास्तरांनी मला मोठ्यानं वाचून दाखवली, मी देवनागरीत उतरवून घेतली. कुणी बागवान, कुणी अत्तार, कुणी फकीर. त्यांतल्या नऊ घरांचा पत्ता लागला आहे, चार घरी मी जाऊन आलो. पाचव्या घरची मुलगी यंदा बारावीला आहे. रविवारी तिच्याकडे जायचंय. ज्याला उर्दू वाचता येतं, त्यानं जेवणानंतर मला भेटावं. मास्तरांना आता स्कूटरवर बसवत नाही.