घटना बदलायची कोणी?

(कार्यकर्ता बैठकीतील मांडणी)



गावोगावच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "आपलं मुंबईचं सरकार घटना बदलू शकतं का?" आम्ही घटना उघडून बघितली. नाही. कलम 368 प्रमाणे घटनादुरुस्तीचं विधेयक फक्त संसदेतच मांडता येतं. विधानसभा फार तर ठराव करून दिल्लीला विनंती करते. अमेरिकेत 50 पैकी 34 राज्यांनी मागणी केली, तर दुरुस्त्या सुचवण्यासाठी परिषद बोलवावी लागते. आपल्याकडे तशी वाट नाही.

राज्यांना विचारतात, पण ठराविक बाबतीतच. राष्ट्रपतींची निवडणूक, सुप्रीम कोर्ट, केंद्र-राज्यांतली अधिकारांची वाटणी, असलं काही बदलायचं तर संसदेत दोन तृतीयांश मतं आणि वर निम्म्या विधानसभांची मंजुरी लागते.

आता आपली पाचवी अनुसूची बघा. आदिवासीची जमीन दुसऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून राज्यपालांना अधिकार देणारी हीच. आंध्रच्या समता खटल्यात 1997 साली सुप्रीम कोर्टाने तिच्या आधारानेच खाजगी खाण कंपन्यांना अडवलं. पण हिच्याच परिच्छेद 7 मध्ये लिहिलंय की संसद साधा कायदा करून ही अनुसूची बदलू शकते, आणि त्याला घटनादुरुस्ती मानायचं नाही! म्हणजे दोन तृतीयांश नको, विधानसभांची मंजुरी नको. हजर खासदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली की काम झालं. 1976 साली असाच कायदा होऊन अनुसूचित क्षेत्र वाढवायची सोय झाली. तेव्हा भलं झालं. उद्या त्याच दारातून उलटंही येईल.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने ठराव घ्यावा : "ग्रामसभांना विचारल्याशिवाय पाचव्या अनुसूचीत बदल नको." तीन प्रती काढा. एक खासदाराला, कारण मत तोच देणार. एक आमदाराला, म्हणजे विधानसभेतून दिल्लीला ठराव जावा हा आग्रह धरता येईल. एक राज्यपालांना, कारण अनुसूचित क्षेत्राचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना त्यांनीच द्यायचा असतो.

आपला ठराव संसदेवर बंधनकारक नाही, हे आम्ही लपवत नाही. पण उद्या "आदिवासींची हरकत नव्हती" असं कुणाला म्हणता येऊ नये.

पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्या आणि पुढच्या बैठकीला सोबत आणा.

जिंदाबाद!