एकशे अकरा रंगांचा चेहरा
(मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी एका छापील चित्राविषयी बोलणार आहे. अमेरिकन चित्रकार चक क्लोज यांनी 2000 साली केलेले हे स्वतःचेच व्यक्तिचित्र. मी ते एका पुस्तकात पाहिले. जवळून पाहिले तर नुसते चौकोन, आणि त्यांत रंगीत कडी व ठिपके. पुस्तक हातभर लांब धरले, की त्याच चौकोनांतून चष्मा लावलेला एक दाढीवाला माणूस आपल्याकडे पाहू लागतो.

आपल्याकडे लग्नपत्रिका ज्या स्क्रीन प्रिंटिंगने छापतात, तीच ही पद्धत. पत्रिकेला एक-दोन रंग पुरतात. या चेहऱ्याला 111 रंग लागले. एक रंग जाळीतून कागदावर उतरवायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. मध्येच कागद केसभर सरकला, तर तोवरचे श्रम वाया. अशा प्रती मोजक्याच काढतात. चित्रकार प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने सही करतो आणि क्रमांक घालतो. 5/50 म्हणजे पन्नासांतली पाचवी. ठरलेला आकडा भरला, की छपाई बंद. म्हणून या प्रतींना कोणी नक्कल म्हणत नाही; प्रत्येक प्रत अस्सलच.

क्लोज यांना माणसांचे चेहरे ओळखू येत नसत. समोरच्याने मान जरा वळवली, तरी चेहरा नवाच वाटे. सपाट फोटो मात्र लक्षात राही. म्हणून ते फोटोवर चौकोन आखत आणि एकेक चौकोन रंगवीत. 1988 साली पाठीच्या कण्यातली रक्तवाहिनी निकामी होऊन त्यांचे शरीर लुळे पडले. हातांत थोडे बळ परतल्यावर, चाकाच्या खुर्चीत बसून, मनगटाला ब्रश बांधून ते पुन्हा रंगवू लागले. हा चेहरा त्यानंतरचा.

इथेच थांबले, तर तुम्हाला अर्धेच सांगितल्यासारखे होईल. चित्रासाठी बोलावून क्लोज आपल्याशी अश्लील बोलले, असे काही स्त्रियांनी 2017 साली सांगितले. कोणाला अवघडल्यासारखे वाटले असेल तर क्षमा असावी, असे ते म्हणाले. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने त्यांचे ठरलेले प्रदर्शन पुढे ढकलले. 2021 मध्ये ते वारले.

हे वाचल्यावर पुस्तक मिटून टाकावेसे वाटले, पण मिटवले नाही. चेहरा न ओळखता येणे हा आजार आहे; त्यात कोणाचा दोष नाही. समोरच्या माणसाचा मान न राखणे हा आजार नव्हे. स्वतःचा चेहरा इतक्या बारकाईने पाहणाऱ्यालाही समोर बसलेले माणूस दिसेलच असे नाही.

माझे डोळे तर धड आहेत. तरी एका पाड्यावरच्या आजीने मला हसत सुनावले, "बाय, नाव तिसऱ्यांदा विचारतेस." तिचा फोटो मी आधीच काढला होता.

त्या दिवशी तिचे नाव वहीत लिहून घेतले. पुढच्या खेपेला दारातूनच नावाने हाक मारली. तुम्हीही कोणाच्या घरी जाल, तेव्हा नाव आठवून जा, एवढीच विनंती.